मागच्या फाटकाचा उन्हाळा

एप्रिल लागला की माझ्या टेबलाभोवतीची गर्दी वाढते. कारेलीबागेतून स्कूटरनं विद्यापीठात येते, बहाव्याच्या सावलीत स्कूटर लावते आणि हेल्मेट काढायच्या आत कुणीतरी विचारतंच, "मॅडम, समर ट्रेनिंगला कुठली कंपनी बरी?" बरी म्हणजे काय ते आता मला पाठ झालंय. एसी असावा, बस घराजवळ यावी, रोज जावं लागू नये आणि सर्टिफिकेट नक्की मिळावं. मी मानव संसाधन व्यवस्थापन शिकवते. मुलं त्याला एचआर म्हणतात, मीही म्हणते. वर्षभर मी तशी शांत असते. या दोन महिन्यांत मात्र माझा आवाज चढतो, मुलं एकमेकांकडे बघतात आणि शिपाई न सांगता पंखा मोठा करतो. त्याला वाटतं, उकाड्यानं होतंय.

उकाड्यानं होतही असेल. बडोद्यातला मे महिना अंगावर येतो तो आधी नाकातून. सकाळी कडुनिंबाच्या मोहोराचा गोडसर कडू वास येतो. दुपारी डांबराचा. आणि संध्याकाळी वारा फिरला की शहराबाहेरच्या कारखान्यांचा तो आंबूस, घशाला लागणारा वास. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात; आम्ही त्याला वास म्हणतच नाही, वारा फिरला एवढंच म्हणतो. पण माझ्या घशाशी तो वास आला की मला आठवतो तो नव्वदीच्या सुरुवातीचा उन्हाळा, आणि इतक्या वर्षांनंतरही राग येतो. रागालाही मुदत असायला हवी होती. याला नाही.

आम्ही प्रवेश घेतला तेव्हा विभागाच्या दारावर कामगार कल्याणाची पाटी होती. दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर नवी पाटी लागली होती आणि त्यावर माणसाचं संसाधन झालं होतं. ते दिवसच पाट्या बदलायचे होते. अलकापुरीत रोज नवीन ऑफिस उघडत होतं, काचेची दारं येत होती, वर्तमानपत्रात खुलं, मुक्त, जागतिक असे शब्द भाजीपाल्यासारखे स्वस्त झाले होते. आमची पुस्तकं अमेरिकेतली. त्यातले कामगार बर्फ तुडवत कामावर जात आणि त्यांच्या साहेबाला त्यांची प्रेरणा वाढवायची चिंता असे. ती पुस्तकं आम्ही ओल्या पंच्यानं मान पुसत, वाळ्याच्या कूलरसमोर बसून पाठ केली. माझं पाठांतर चांगलं होतं. पण एक खरा कारखाना आतून कसा असतो, तिथं माणसं कशी उभी राहतात, काय बोलतात, हे बघायला मी अधीर झाले होते. म्हणून पहिलं वर्ष संपल्यावर दोन महिन्यांचं ट्रेनिंग आलं तेव्हा मला कपड्यांचे रंग बनवणारा एक कारखाना मिळाला याचा मला केवढा आनंद झाला. आमच्या वर्गातल्या मुली बहुतेक बँकेत नाहीतर इस्पितळात गेल्या होत्या.

तिथले पर्सोनेल मॅनेजर होते दिघेसाहेब. हे आमच्यातलेच. त्यांचे आजोबा आणि माझे आजोबा दोघेही महाराजांच्या वेळी सरकारी खात्यात होते, आणि दांडिया बाजारात दोन्ही घरं एकाच गल्लीत होती. पुढे सगळे सोसायट्यांमध्ये पांगले, पण हळदीकुंकवाची बोलावणी टिकली. पहिल्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "गुड मॉर्निंग, सर."

"सर काय गं? काका म्हण. तुला फ्रॉकमध्ये बघितलंय मी."

"पण ऑफिसमध्ये..."

"ऑफिसमध्येही काकाच. बस. लिंबू सरबत घेशील?"

तेव्हा मला ते बरंच वाटलं. त्या एका शब्दात माझे दोन महिने अडकले, हे नंतर कळलं. सरांशी वाद घालता येतो. काकांशी कसा घालणार?

मला त्यांनी त्यांच्या केबिनशेजारच्या खोलीत बसवलं. कूलर, पांढऱ्या भिंती, काचेच्या टेबलावर जुनी मासिकं. काम काय, तर वाढदिवसाला कामगारांना जी शुभेच्छापत्रं जात त्यांवर नावं घालायची. अक्षर चांगलं म्हणून. मग कँटीनचा आठवड्याचा मेनू नीट लिहून काढायचा. बोर्डावर सुविचार. माझ्यासोबत आलेला वर्गातला एक मुलगा दुसऱ्याच दिवशी डोक्यावर हेल्मेट घालून प्लांटमध्ये गेला आणि चहाच्या वेळी मला बॉयलर, शिफ्ट, सुपरवायझरच्या शिव्या असलं काहीबाही सांगू लागला. मी ते आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर उभं राहून बघावं तसं ऐकत असे.

मी विचारायची, "काका, मी कधी जाऊ आत?"

"जाशील गं. घाई काय आहे?"

आठवड्याभरानं परत विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "तिथली भाषा तुला ऐकवणार नाही."

"मी दांडिया बाजारात वाढलेय, काका. सगळी भाषा येते मला."

ते मोकळेपणी हसले. हसणं हीच त्यांची नाही म्हणायची पद्धत होती. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज खाली आणून, अवघडून म्हणाले, "हे बघ, प्लांटमध्ये बायकांची सोय नाही. कळलं ना? उगाच अडचण होईल तुला. मी तुझ्या बाबांना काय तोंड दाखवू?"

सोयच नाही म्हटल्यावर काय बोलणार? मी मान खाली घालून शुभेच्छापत्रांकडे वळले.

मग एका दुपारी ऑफिसच्या इमारतीतलं पाणी गेलं. पंप जळला होता. माझी अडचण झाली आणि ती कुणाला सांगायचीही लाज, म्हणून मी गुपचूप मागच्या दारानं बाहेर पडले आणि गोदामाच्या भिंतीच्या कडेकडेनं नळ शोधत निघाले. ऊन असं की डोळे उघडवेनात. गोदामाला वळसा घातला आणि थांबलेच. कडुनिंबाखाली एक लांब नळ होता आणि त्याच्यासमोर बायकांची रांग. डोक्याला फडकी बांधलेली, साडीवरून पुरुषी शर्ट चढवलेले. एकजण हात धूत होती. तिचे हात कोपरापर्यंत हिरवे होते. खाली मातीतून हिरवं पाणी वाहत होतं, त्याच्याशेजारी कालचा लाल ओघळ वाळून पडला होता. नळापलीकडे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि दारावर खडूनं 'बहेनो' असं लिहिलं होतं.

म्हणजे बायका होत्या. सोयही होती.

त्या हिरव्या हाताच्या बाईनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "बेन, नवां आव्यां? कया कॉन्ट्रॅक्टरनां?"

तिला मी कुठल्यातरी कॉन्ट्रॅक्टरकडची नवी बाई वाटले. मी म्हटलं, "युनिव्हर्सिटीमांथी आवी छुं. भणुं छुं."

"शुं भणो छो?"

गुजराती मला घरच्यासारखी येते, पण माझ्या विषयाचं नाव मी त्या भाषेत कधी घेतलं नव्हतं. जुळवाजुळव करून म्हटलं, "माणसोनुं मॅनेजमेंट."

ती मागे वळून सगळ्यांना ओरडून म्हणाली, "मुकादम थवानुं भणे छे!" आणि मी मुकादम व्हायला शिकतेय म्हटल्यावर रांगेत हशा पिकला. मीही हसले. त्या कारखान्यात मी पहिल्यांदाच खरी हसले असेन.

तिचं नाव कोकिलाबेन. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी कडुनिंबाखाली जायला लागले. बाजरीचा रोटला, कांदा, मीठ लावलेली कैरी, कुणाकडे ताक. माझ्या डब्यातल्या पोळीभाजीचा तुकडा सगळ्यांत फिरायचा. या बायका पॅकिंगला होत्या. रंगाची भुकटी पिशव्यांमध्ये भरायची आणि पिशवी शिवायची. ज्या दिवशी जो रंग तो त्यांच्या नखांत. लग्नकार्याच्या आधी लाल आला तर बरं, मेंदीचा खर्च वाचतो, असं त्या म्हणायच्या. मात्र कोकिलाबेनला रात्री खोकला यायचा आणि तिच्या धाकटीनं आईच्या हातून जेवायचं सोडलं होतं. हे ती हसत सांगायची, पण सांगताना हात पदरात घ्यायची.

त्यांना हातमोजे नव्हते. प्लांटमधल्या पुरुषांना होते, ते चहाला बाहेर येत तेव्हा मी पाहिले होते. मला वाटलं, निदान हे तर माझ्या अभ्यासातलं आहे. एवढं तर मी करू शकते. मी उत्साहानं दिघेकाकांकडे गेले आणि सांगितलं की माझा प्रोजेक्ट मी या बायकांवर करणार आहे, आणि त्यांना हातमोजे हवेत.

त्यांचा चेहरा पडला. "तू मागे कशाला गेलीस?"

"पाणी नव्हतं, काका."

"बरं. पण त्या आपल्या नाहीत."

"मग कुणाच्या?"

"कॉन्ट्रॅक्टरच्या. मोजे त्यानं द्यायचे. आपण त्यात पडायचं नाही, कायद्याचं असतं ते."

कॉन्ट्रॅक्टर संध्याकाळी फाटकाशी मोटारसायकलवर बसलेला असे. त्याला विचारलं. तो अगदी आदरानं म्हणाला, "बेन, रंग कंपनीनो, पिशवी कंपनीनी, तो मोजां मारां क्यांथी?" मोजे तेवढे त्यानं कुठून आणायचे? दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मधल्या जागेत कोकिलाबेनचे हिरवे हात होते. माझ्या अमेरिकन पुस्तकात या मधल्या जागेवर एकही प्रकरण नव्हतं.

त्याच रात्री जेवताना बाबा म्हणाले, "दिघ्यांचा फोन आला होता."

बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे. त्यांना कुणाशी वाकडं घेतलेलं सहन होत नसे. "तक्रार नाही केली त्यांनी. काळजी वाटते म्हणाले. बडोदं लहान आहे गं. आणि दिघे आपला माणूस आहे."

"आपला आहे म्हणूनच मला तिथं काही करता येत नाही, बाबा."

आई पोळी वाढत होती. ती म्हणाली, "बायकांशी बोलते, त्यात काळजी कसली?" पण बाबांनी वर बघितलं नाही, आणि तो विषय तिथंच थांबला. आमच्या घरात विषय संपत नसत, थांबत असत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मागच्या दाराला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, साहेबांनी लावायला सांगितलंय, त्या बाजूला ट्रक फिरतात, तुम्हाला लागेल.

मला लागेल! त्या कुलपासमोर उभी राहून मी रडले असते, पण मागे शिपाई होता. दोन महिने मला कुणी एकदाही रागावलं नाही, आवाज चढवला नाही, वेळेवर सरबत दिलं, ऊन लागलं तर गाडीनं घरी पोचवलं. भांडायला समोर माणूसच नव्हता. मी जिथं म्हणून ढकलायला जाई, तिथं माया लागायची. मऊ गादीवर बुक्क्या मारल्यासारखं. आजही वर्गात हे समजावून सांगता येत नाही. जाचाला शब्द आहेत, कलमं आहेत. या लाडाला काय म्हणायचं?

मग मी ऑफिस सुटल्यावर कारखान्याला वळसा घालून मागच्या फाटकाशी जाऊ लागले. बायका तिथूनच आत-बाहेर करत. त्यांना न्यायला छकडो यायचा, बुलेटचं तोंड असलेली ती तीनचाकी, तिच्यात माणसं कोंबून भरलेली. मी त्यात घुसायची. हायवेच्या चार रस्त्यापर्यंत जे काही बोलणं होईल तोच माझा अभ्यास. इंजिनाचा एवढा आवाज की सगळं ओरडून विचारावं लागे. "किती वर्षं झाली?" "खोकला कधीपासून?" आणि त्याही ओरडून उत्तरं द्यायच्या, मध्येच एखादी दुसरीचं उत्तर खोडून काढायची, खड्डा आला की सगळ्या एकमेकींवर पडायच्या. गरम वारा, रंगाची धूळ, घामाचा वास. घरी येऊन आंघोळ केली की माझ्याही कानामागून फिकट निळं पाणी यायचं. तो प्रवास मला फार आवडायचा. त्या उन्हाळ्यात शिकले म्हणावं ते काय ते छकड्यात.

ट्रेनिंग संपत आलं तेव्हा परदेशी पाहुणे येणार अशी हवा झाली. ते रंग विकत घेणार होते. कुंड्या रंगवल्या गेल्या, फाटकाबाहेरची टपरी मागच्या फाटकाशी हलवली. आदल्या दिवशी दिघेकाका माझ्या खोलीत आले, खूप खुशीत. "उद्या छान साडी नेसून ये. पाहुण्यांना फुलं द्यायची आहेत. आणि मग त्यांच्याबरोबर तूही आत ये. बघ, शेवटी नेतोय की नाही तुला प्लांटमध्ये?"

मी आईची नारायणपेठ नेसून गेले. फुलं दिली. आणि सगळ्यांच्या मागून, हेल्मेट घालून, मी त्या कारखान्यात पाऊल टाकलं. यंत्रं मोठी होती, आवाज मोठा होता, मला काहीच दिसत नव्हतं. मी पॅकिंग शोधत होते. ते शेवटी आलं. लांब पत्र्याची शेड, धुऊन काढलेली, भिंतींना ताजा चुना. शिवणयंत्रं ओळीनं उभी. आणि माणूस एकही नाही. एका टेबलावर कोऱ्या करकरीत हातमोज्यांचा ढीग मांडून ठेवला होता. पॅकिंगच्या बायकांना त्या दिवशी सुट्टी दिली होती, बिनपगारी.

पाहुण्यांपैकी एकानं सहज विचारलं, इथं काम कोण करतं?

दिघेकाका म्हणाले, सीझनल लेबर आहे, सध्या काम नाही.

माझ्या तोंडून इंग्रजीत निघून गेलं, "बायका करतात. रोज करतात. आज त्यांना घरी पाठवलंय."

क्षणभर सगळे थांबले. आता काहीतरी होणार, असं मला वाटलं; काय होणार ते ठाऊक नव्हतं, पण होणार. त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या साडीकडे बघितलं, हसून "व्हेरी नाइस" म्हणाले आणि पुढे चालू लागले. त्यांच्यामागून सगळे चालू लागले. शेडमध्ये मी एकटी उरले.

दिघेकाका त्यानंतरही रागावले नाहीत. ड्रायव्हरला म्हणाले, हिला घरी सोड, दमलीये. मला आठवतं, गाडीच्या काचेतून गुलमोहर दिसत होते, रस्ताभर पेटलेले, आणि मला ते फोडून काढावेसे वाटत होते.

पुढचं लवकर सांगण्यासारखं आहे. विभागातले सर माझा प्रोजेक्ट चाळून म्हणाले, "विषय सारो छे, बेटा. पण कंपनी दर वरसे आपणा छोकराओने ले छे." कँटीनवर लिही, असं त्यांनी सुचवलं. मी नाही लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, या बायका कंपनीच्या रोलवर आहेत का? मी म्हटलं, नाही. मग या मानव संसाधनात कशा येतात, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मी पास झाले, काठावर. हिवाळ्यात तीच कंपनी मुलाखतींना आली आणि तिनं दोन मुलांना घेतलं. मुलींची नावं त्यांनी पुकारलीच नाहीत. पुढच्या उन्हाळ्याच्या आत पॅकिंगला नवं यंत्र बसलं. मी मागच्या फाटकाशी गेले तेव्हा छकडो येत नव्हता, आणि टपरीवाल्याला कोकिलाबेन कुठं राहते ते माहीत नव्हतं. सावली तालुक्याकडची, एवढंच तो म्हणाला. मी एकदा त्या बाजूच्या गावांत जाऊन विचारून आले. प्रत्येक गावात दोन-तीन कोकिलाबेन होत्या, पण ती नव्हती.

मी नंतर बऱ्याच ठिकाणी नोकऱ्या केल्या आणि शेवटी शिकवायला आले. मधली जागा मी माझ्या पहिल्याच तासाला शिकवते. मुलं लिहून घेतात. परीक्षेला येणार का, असं विचारतात.

गेल्या वर्षी वैशाखात आमच्याच नात्यात एक लग्न होतं, पंगतीऐवजी बुफे. दिघेकाका आले होते. आता फार थकलेत, काठी आली आहे, पण हसणं तेच. मी जेवण उरकून ताटली ठेवायला निघाले होते; मला बघून त्यांना खरोखर आनंद झाला. भोवतीच्या चारचौघांना हाक मारून म्हणाले, "ही एचआरची प्रोफेसर आहे बरं का! आणि हिला ट्रेनिंग कुणी दिलं? मी! सगळा कारखाना हिंडवून दाखवला होता हिला. पाहुण्यांबरोबर!"

मी म्हटलं, "काका, त्या दिवशी कारखाना रिकामा होता."

सगळे हसले. काकाही हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

मी हसले नाही. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, "रिकामा होता, काका. तुम्ही त्यांना घरी पाठवलं होतं."

या वेळी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना आठवत होतं. मला दिसलं ते. मग त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, हात पुढे केला आणि तोच जुना, समजूत घालणारा सूर लावून म्हणाले, "दे गं ती ताटली इकडे. मी ठेवून येतो. तू कशाला?"

त्यांनी एक कड धरली. दुसरी माझ्या हातात होती. मंडपात पंखे घरघरत होते, कुणीतरी सनईची धून बदलत होतं, आणि आम्ही दोघं ती उष्टी ताटली धरून उभे होतो.

मी ती सोडली नाही.